बिनदिव्याचा वजनकाटा

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला तेव्हा मी "हो", "नाही" आणि "बरी आहे" एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर तुम्ही जाऊबाईंना काय म्हणाला असाल ते मला इथे ऐकू आलं. मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा गप्प झाला की मीही गप्प होते, आणि मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतात. म्हणून लिहिते आहे. शिवाय एक आकृती दाखवायची आहे, ती सोबत जोडली आहे.

ह्यांना जाऊन पाच महिने झाले. दुकान मी रोज उघडते. सव्वीस वर्षं ह्यांनी इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड काढले आणि मी जोडले, त्यामुळे हाताला काम आहे. पण नवीन काही काढणारं माणूस आता नाही. आमचे चिरंजीव म्हणतात, आई, दुरुस्त्या करत एकटी कुठे बसतेस, माझ्याकडे ये. खोली रंगवून ठेवली आहे. पडदेसुद्धा लावले आहेत. मी त्याला एक मुदत मागून घेतली. एक ऑर्डर आली आहे. मार्चअखेर ती पूर्ण झाली तर दुकान चालू राहील. नाही झाली तर मी मुकाट्याने सामान बांधेन. तसा शब्द दिला आहे आणि मी शब्द फिरवत नाही हे त्याला माहीत आहे.

ऑर्डर अशी. एक बाई मधमाश्या पाळतात. त्यांना मधाच्या पेटीखाली ठेवायचे बारा वजनकाटे हवे आहेत, म्हणजे पेटी न उघडता मध किती साठला ते कळेल. काटे कायम उघड्यावर, उन्हात राहणार. त्यांची अट एकच, पेटीजवळ उजेड नको. अंधारात उजेड दिसला की माश्या बाहेर येतात आणि दिव्याला धडकून मरतात. म्हणून मी बिनदिव्याची स्क्रीन घेतली. बाहेरच्या उजेडातच वाचायची, पाटीवरच्या अक्षरांसारखी.

ह्यांनी गेल्या वर्षी काढलेले वीस बोर्ड कोरे पडून आहेत. ते दुसऱ्या कामासाठी होते, मागून दिवा असलेल्या स्क्रीनसाठी. त्यावरची चिप दोन कामं करते. स्क्रीनच्या काचेला लागणारे तीन निरनिराळे व्होल्टेज तयार करते, आणि मागचा दिवाही चालवते. मला पहिलं काम हवं आहे, दुसरं नको. म्हणून मी दिव्याच्या बाजूचे भाग बसवलेच नाहीत. त्या पिना तशाच मोकळ्या सोडल्या.

स्क्रीन चालू होते. आकडा स्वच्छ दिसतो. चार सेकंदांनी सगळं बंद. पुन्हा चालू केलं की पुन्हा चार सेकंद. मी घड्याळ लावून तीसदा पाहिलं. असं का होतं?

जाऊबाईंना नमस्कार सांगा.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा, कंबर परवानगी देत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी बागेतल्या नळाशी भांडत होतो. निवृत्त माणसाला नळाशिवाय शत्रू उरत नाही. ते तसंच टाकून आत आलो. तुमच्या जाऊबाई म्हणतात, "वहिनींना रोज पत्र लिहायला सांगा, निदान हा माणूस एका जागी बसतो."

आता चिपचं. वहिनी, तीस वर्षं मी स्क्रीनच्या कारखान्यात काढली, ही जात मी चांगली ओळखतो. आम्हाला शाळेत हजेरी घेणारे एक मास्तर होते. एक मुलगा "हजर" म्हणाला नाही की अख्खा वर्ग बाहेर काढायचे. तुमची चिप त्या मास्तरांची नात आहे. ती चालू झाली की दिव्याला हाक मारते. दिव्यातून करंट परत आला तर ठीक. नाही आला तर तिला वाटतं तार तुटली. मग ती अजून जोरात हाक मारते, म्हणजे व्होल्टेज वाढवते. चार सेकंद वाट बघते आणि रागारागाने सगळंच बंद करते, स्क्रीनसकट. तिचा दोष नाही, तिला तसंच शिकवलं आहे. दिवा नाहीच, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

तेव्हा त्या पोराचं नाव पटावरून कमी करायचं. दिवा चालू करण्याची जी पिन आहे ती ग्राउंडला जोडा. मोकळी ठेवू नका. मोकळी पिन म्हणजे कडी न लावलेलं दार, वाऱ्याने कधी उघडेल कधी लागेल. करंट मोजणारी पिनही ग्राउंडला. कॉइल आणि डायोड बसवू नका. कॉइल जिथे जोडतात ती पिन मात्र रिकामी राहू द्या, ती चुकूनही ग्राउंड करू नका. एवढं केलं की हजेरीत दिव्याचं नाव येणार नाही आणि मास्तर शांतपणे शिकवतील.

चिरंजीवांच्या पडद्यांबद्दल मी काही बोलत नाही. काकाने मध्ये पडू नये.

तुमचा,
धाकटा दीर


१४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुम्ही लिहिलंत ते समजलं. एवढं सोपं करून ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते फक्त म्हणायचे, "इथे डाग दे," आणि मी सोल्डर करायचे.

पण एक अडचण आहे. बोर्डावर दोन चालू करायच्या पिना आहेत, एक स्क्रीनची आणि एक दिव्याची. ह्यांनी त्या दोन्ही एकाच तांब्याच्या ट्रॅकने जोडल्या आहेत. चालू केलं की दोन्ही एकदम चालू व्हाव्यात म्हणून असेल. त्यामुळे दिव्याची पिन ग्राउंड केली की स्क्रीनचीही होते. मग चार सेकंदसुद्धा मिळत नाहीत. आकृतीत लाल पेन्सिलीने खूण केली आहे.

नवे बोर्ड काढून छापून यायला दोन महिने लागतील, आणि काढणार कोण? दुसरा काही मार्ग आहे का?

मधवाल्या बाई काल स्कूटरवरून येऊन गेल्या. आल्या आल्या विचारलं, "ताई, माझ्या पोरी कधी तोलून देणार?" पोरी म्हणजे माश्या. मला वाटलं घरात मुली आहेत. मी विचारलं, "किती आहेत?" त्या म्हणाल्या, "पाच-सहा लाख." मी चहाचा कप खाली ठेवला.

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

पाच-सहा लाखांची हजेरी! आमच्या मास्तरांना तिथेच फीट आली असती.

मार्ग आहे, आणि तो दोन मिलिमीटरचा आहे. लाल खूण केली आहे तिथे धारदार ब्लेडने ट्रॅक कापा. दोन पिना वेगळ्या झाल्या की दिव्याची पिन केसाएवढ्या तारेने ग्राउंडला न्या. तुमच्या हाताला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरा एक आळशी मार्गही आहे. चिपला खोटा दिवा द्यायचा. तीन एलईडी जोडून डब्यात बंद करून ठेवायचे. ती हाक मारेल, ते "हजर" म्हणतील, सगळे खूश. पण बॅटरीचा सत्यानाश होईल. कुणी बघत नसलेल्या दिव्याला रात्रंदिवस तेल घालायचं, असला उद्योग. केवळ माहिती म्हणून लिहिलं आहे. तुम्ही कापाच.

नळ अजून गळतो आहे. तुमच्या जाऊबाईंनी त्याखाली बादली ठेवली आहे, ते पाणी झाडांना घालतात, आणि आता म्हणतात दुरुस्त करू नका, सोयीचं झालं आहे.

तुमचा,
धाकटा दीर


२५ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

काटा चालू झाला. कालपासून बंद पडलेला नाही. दुकानातला सिमेंटचा ठोकळा ठेवून पाहिला, दर वेळी तोच आकडा येतो. उद्या एक काटा बाईंना नेऊन देणार आहे. त्यांच्याकडे पंधरा दिवस टिकला तर बाकीचे अकरा करायला त्या होकार देतील.

तुमचे उपकार आहेत.

तुमची,
वहिनी


२ मार्च

ती. वहिनी,

शाब्बास! तुमचं पाच ओळींचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुमच्या जाऊबाईंना एकदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कापलं कसं ते लिहिलंच नाही." मी म्हटलं, वहिनी कामाचं बोलतात, कौतुक करून घेत नाहीत. ब्लेड सरळ धरलंत की तिरकं? तिरकं धरलं तर ट्रॅकची कड उचलली जाते, तेवढं पुढच्या अकरांना सांभाळा.

आणि मीटर लावून करंट मोजा. बिनदिव्याची स्क्रीन म्हणजे उपाशी पाहुणा. सहा मिलिअँपच्या वर गेली तर मला नावं ठेवा.

तुमचा,
धाकटा दीर


१२ मार्च

प्रिय भाऊजी,

काल बुधवारी बाई काटा घेऊन परत आल्या. स्कूटर नीट लावलीसुद्धा नाही. काटा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही आत काय घातलं आहे?"

मी म्हटलं, "का?"

"संध्याकाळ झाली की माझ्या पोरी ह्या डब्याला येऊन चिकटतात. पेटीच्या दाराशी नाही, डब्याला! तार जिथून आत जाते त्या भोकाशी. पहिल्या दिवशी वाटलं साखर सांडली असेल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः भोकाला डोळा लावला."

"मग?"

"मग काय? आत दिवाळीसारखा दिवा जळतोय! बाहेर अंधार नि आत लखलखाट. बिनदिव्याचा काटा म्हणालात ना तुम्ही? नऊ दिवसांत बॅटरीही बसली. तोवर माश्यांनी भोकाशी घर करायचं ठरवलं होतं."

त्या रागावल्या नव्हत्या. हसत होत्या. मला मात्र हसता आलं नाही.

भाऊजी, मी ट्रॅक कापला नव्हता. तुम्ही आळशी मार्ग लिहिला होतात तो केला. तीन एलईडी जोडले, डब्याच्या तळाशी चिकटवले आणि झाकण लावलं. तुम्हाला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. जाऊबाईंच्या बरोबर लक्षात आलं.

ब्लेड मी तीनदा हातात घेतलं. बोर्ड भिंगाखाली धरला की ह्यांनी काढलेला ट्रॅक दिसतो. ते कोपरे गोल काढायचे, काटकोनात वळवायचे नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी काढलं आणि मी त्यावर डाग दिला. त्यांच्या रेघेवर मी कधी ब्लेड चालवलं नाही. हा शेवटचा बोर्ड आहे. कापवेना. म्हणून दिवा ठेवला. करंट मी मोजला होता. साठ मिलिअँप होता. मला माहीत होतं बॅटरी टिकणार नाही. तरी पाठवला.

बाई म्हणतात, महिनाअखेर फुलोरा सुरू होतो, त्याआधी हवेत, नाहीतर ह्या वर्षी नकोत. चिरंजीव शेवटच्या रविवारी, २९ तारखेला येतो आहे. मला वाटतं मी खोलीचे पडदे बघायला जावं हेच बरं. त्याने निळे लावले आहेत म्हणे.

तुमची,
वहिनी


१६ मार्च

ती. वहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी मी तुमच्या जाऊबाईंची माफी मागितली. ते बघायला तुम्ही हव्या होतात.

आता मलाही दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत.

पहिली. तुमच्या चिरंजीवांनी मला जानेवारीतच लिहिलं होतं. "काका, आई तुमचं ऐकते, तिला समजवा, दुकान बंद करू दे." मी त्याला कळवलं की बघतो. बघितलं मात्र काही नाही, उलट तुम्हाला पिना कुठे जोडायच्या ते सांगत बसलो. त्याला वाटत असेल काका आपल्या बाजूने आहे. पोरगा वाईट नाही. त्याला भीती वाटते, तुम्ही एकट्या दुकानात बसून बापाच्या खुर्चीकडे बघत असता. मी त्याला खरं ते कळवतो आहे, आजच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो ट्रॅक दादाचा नाही. माझा आहे.

ह्या बोर्डाची आकृती दादाने मला आधी कळवली होती. त्याने दोन पिना वेगळ्याच ठेवल्या होत्या. मी म्हटलं, कशाला? दिव्याशिवाय स्क्रीन कोण वापरणार? जोडून टाक, एक तार वाचेल. तो म्हणाला, नको. मी हट्ट धरला. तुम्हाला माझा हट्ट माहीत आहे, नळाला विचारा. शेवटी तो म्हणाला, बरं बाबा, घे तुझी तार. केवळ माझं तोंड बंद करायला त्याने ती रेघ ओढली. कोपरे गोल आहेत कारण हात त्याचा होता. अक्कल माझी होती, म्हणून ती आता अडते आहे.

तेव्हा खुशाल कापा. तुम्ही दादाचं काही कापत नाही, धाकट्या दिराचा आगाऊपणा कापताय. ही संधी तुम्हाला लग्नापासून हवी असेल.

तुमचा,
धाकटा दीर


२३ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचून बरं वाटलं. शनिवारी ब्लेड घेऊन बसले. मग वाटलं, आधी एकदा ह्यांची वही बघावी.

वहीत ह्या बोर्डाच्या पानावर तारीख आहे, ११ जून. खाली लिहिलं आहे, "दोन्ही पिना एकत्र. एक तार वाचली." त्याआधीच्या पानांवर वेगळ्या पिनांची आकृती कुठेही नाही.

११ जूनला तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. सकाळी नऊला आत नेलं ते दुपारी तीनला बाहेर आणलं. तुम्ही भुलीत होतात. भुलीतही तुम्ही सल्ला दिला असेल हे मला अगदीच अशक्य वाटत नाही, पण मी जाऊबाईंना फोन करून विचारलं. (हो, मी फोन केला. सात मिनिटं बोलले.) त्या म्हणाल्या, आदल्या आठवड्यात तुम्ही पोट धरून विव्हळण्याशिवाय काहीही केलं नाही, आणि त्या चिपचं नावसुद्धा तुम्ही माझ्या पहिल्या पत्रात वाचलंत.

म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत. चांगलं लिहिलंत, पण खोटं.

मला तो दिवस आठवला. जाऊबाईंचा फोन येणार म्हणून हे सकाळपासून दुकानात फोनशेजारी बसले होते. मला म्हणाले, काहीतरी हातात दे. काही नव्हतं म्हणून त्यांनी वही ओढली आणि बोर्ड काढत बसले. जेवले नाहीत. तीन वाजता फोन आला तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. दोन पिना जोडल्या गेल्या त्या अशा. लक्ष तुमच्याकडे होतं. तेव्हा ती रेघ तुमच्यामुळे आली हे तुमचं म्हणणं तसं पाहिलं तर खरंच आहे.

वही कपाटात ठेवायला गेले तर खालच्या खणात सगळे जुने बोर्ड. प्रत्येक कामाचा पहिला बोर्ड हे ठेवून द्यायचे. रविवारी मी सगळे टेबलावर मांडले. एकतीस आहेत. एकही असा नाही ज्यावर ट्रॅक कापलेला नाही. कुठे दोन काप, कुठे पाच. दवाखान्याच्या मीटरवर तर अकरा. त्यावरून निळ्या-पिवळ्या तारा नेल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तारांचे डाग माझे आहेत. मीच दिले आहेत. भाऊजी, मला हे आठवतच नव्हतं. मला वाटत होतं त्यांनी काढायचं आणि मी जोडायचं, मध्ये काहीच नाही. ते तर दर वेळी चुकत होते. दर वेळी चहा पिऊन, स्वतःला एक शिवी देऊन कापत होते. ह्या बोर्डाचं कापायचं राहून गेलं, एवढंच.

मग मी कापलं. आवाज येत नाही. भिंगाखाली तांब्याचा एक केस बाजूला झाला आणि मागचा हिरवा रंग दिसला. शिवी मला येत नाही, चहा तेवढा घेतला. दिव्याची पिन ग्राउंडला नेली, तीन एलईडी काढून टाकले, चालू केलं. चार सेकंद मी टेबलाला धरून उभी होते. पाचवं गेलं. एक मिनिट गेलं. मीटर लावला. सहा मिलिअँप. तुम्हाला नावं ठेवायची सोय राहिली नाही.

आज आणखी चार केले. बाईंना कळवलं आहे. त्या म्हणाल्या, "ह्या वेळी मी भोकाला डोळा लावून बघणार." मी म्हटलं, बघा.

वेळ फार थोडा आहे. पत्र इथेच थांबवते.

तुमची,
वहिनी


२६ मार्च

ती. वहिनी,

पकडलंत. घरातच फितुरी होती, मी काय करणार?

मला ती गोष्ट माहीत नव्हती. तो फोनशेजारी बसला होता, जेवला नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. शुद्धीवर आल्यावर तुमच्या जाऊबाईंनी फोन माझ्या कानाला लावला तेव्हा तो म्हणाला होता, "खडे किती निघाले? मोजून घे, डॉक्टरवर भरवसा ठेवू नकोस." मला वाटलं ह्याला काळजी कसली नाही. आज नळाजवळ जरा बसून राहिलो.

पुतण्याला मी पत्र लिहिलं. मी कोणाच्या बाजूचा आहे ते स्पष्ट लिहिलं. उत्तर नाही. रागावला असेल. रविवारी तो कसा वागतो ते लगेच कळवा. पुढची फितुरी माझ्याच बाजूने व्हावी म्हणून तुमच्या जाऊबाईंना आजपासून चहा मी करून देतो आहे.

तुमचा,
धाकटा दीर


३० मार्च

प्रिय भाऊजी,

चिरंजीव काल सकाळी दहाला आला. गाडीच्या मागच्या सीटवर चपटी केलेली खोकी, चिकटपट्टीची पाच रिळं आणि जाड पेनं. सामान बांधायची पूर्ण तयारी. दुकानाच्या दारात थबकला.

बारा काटे मी रांगेने जमिनीवर लावले होते, प्रत्येकावर एक वीट. तो म्हणाला, "आई, हे काय?"

"काटे."

"झाले?"

"बारावा पहाटे झाला."

त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, "स्क्रीन तर बंद आहेत."

"चालू आहेत. त्यांचं तोंड उजेडाकडे कर."

त्याने एक उचलून खिडकीकडे वळवला. आकडा दिसला. मग दुसरा उचलला. असे सगळे बारा पाहिले. लहानपणी ह्यांनी काही नवीन केलं की तो असाच एकेक उचलून बघायचा आणि ओरडा खायचा. मी ओरडले नाही. मग वीट काढून तो स्वतः एकावर उभा राहिला. ८४ किलो. म्हणाला, "हा चुकतोय." दुसऱ्यावर उभा राहिला. ८४. तिसऱ्यावर बूट काढून उभा राहिला. मी म्हटलं, "बाराही बघून घे."

चहा घेताना त्याने तुमच्या पत्राची गोष्ट काढली. रागावलेला नाही. म्हणाला, "काकांनी सहा पानं लिहिली आहेत, त्यातली चार नळावर आहेत." मग जरा वेळाने म्हणाला, "मला वाटायचं तू इथे नुसती बसून असतेस."

मी म्हटलं, "पहिले काही महिने तशीच होते."

त्याने पुढे काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. पण ते फोनवरच्यासारखं नव्हतं. दोघंही तिथेच होतो.

अकराला बाई आल्या. खरोखरच गुडघ्यांवर बसून एकेका भोकाला डोळा लावला. चिरंजीव मला खुणेने विचारत होता, ह्या कोण, काय करताहेत? बाराव्या डब्यावरून उठून त्या म्हणाल्या, "अंधार! कसा सुरेख अंधार आहे!" आणि विचारलं, "नेऊ कसे? स्कूटरवर तर एकही बसायचा नाही."

मी चिरंजीवाकडे पाहिलं. त्याने गाडीकडे पाहिलं. मग गेला आणि खोकी घेऊन आला.

एकेक खोकं त्याने उभं केलं, तळाला पट्टी लावली, चारी बाजूंनी कागद कोंबला. प्रत्येकावर वर जाणारा बाण काढला. बाण त्याने छान काढले. सगळे गाडीत भरून बाईंच्या शेतावर पोचवून आला. परत आला तेव्हा डाव्या कानाची पाळी सुजली होती. एकीने प्रसाद दिला होता. मी बर्फ लावला. म्हणाला, "पाच-सहा लाखांत बरोबर मीच सापडलो."

संध्याकाळी निघताना उरलेल्या खोक्यांशी उभा राहिला. मला वाटलं आता पुन्हा तो विषय निघेल. शब्द मी दिला होता आणि ऑर्डर पूर्ण झाली होती, तरी मला धाकधूक होती. त्याने खोकी पुन्हा चपटी केली, दोरीने बांधली आणि कामाच्या टेबलाखाली सरकवून दिली. हात झटकत म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला मोठी आणतो. ह्यांत काटा तिरका बसतो."

तुमची,
वहिनी